कॅल्शियम सुटतं आणि स्नायू आवळतो: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे पान मुळात फिजिओथेरपीच्या पहिल्या वर्षाच्या मुलांसाठी लिहायला घेतलं. मी त्यांना शरीरक्रियाशास्त्र शिकवते आणि दरवर्षी त्याच शंका जवळपास त्याच क्रमाने येतात. पुढे रोज सकाळी पर्वती चढणारी मंडळी, सोसायटीतल्या काकू आणि ढोल-ताशा पथकातली पोरं यांनी आपापले प्रश्न त्यात घातले. त्यामुळे काही उत्तरं परीक्षेची आहेत, काही पायदुखीची. कुठूनही वाचायला सुरुवात केली तरी चालेल. पहिले पाच-सहा प्रश्न ओळीने वाचलेत तर पुढचे सोपे जातील.

एका परिच्छेदात सांगा, नक्की होतं काय?

चेतातंतूतून आलेला विद्युत संदेश स्नायूपाशी पोहोचतो. तिथे ॲसिटिलकोलीन हे निरोप नेणारं रसायन सुटतं, स्नायुतंतूच्या पडद्यावर विजेची लाट उठते आणि आडव्या नळ्यांतून ती तंतूच्या पोटात शिरते. आत एका जाळीदार कोठारात कॅल्शियम कोंडलेलं असतं. त्याची दारं उघडतात, कॅल्शियम पेशीद्रवात पसरतं आणि ट्रोपोनिन या प्रथिनाला चिकटतं. ट्रोपोनिनचा आकार बदलतो, त्यासोबत ट्रोपोमायोसिन बाजूला सरकतं, ॲक्टिनच्या बारीक धाग्यांवरच्या झाकलेल्या जागा उघड्या पडतात. शेजारच्या जाड धाग्यांतली मायोसिनची डोकी तिथे पकडतात आणि ओढतात. मग पंप कॅल्शियम परत कोठारात भरतात आणि स्नायू सैल होतो.

कॅल्शियम एवढं महत्त्वाचं, मग पेशीत ते भरपूर का नसतं?

हाच सगळ्यात चांगला प्रश्न आहे आणि तो फार कमी जण विचारतात.

आराम करणाऱ्या स्नायुपेशीच्या द्रवात मोकळं कॅल्शियम लिटरला सुमारे ०.१ मायक्रोमोल असतं. पेशीच्या बाहेर, रक्तात आणि ऊतींच्या द्रवात, ते एक मिलिमोलच्या वर. म्हणजे बाहेर आतल्यापेक्षा सुमारे दहा हजार पट जास्त. हा फरक आपोआप राहत नाही. पेशी रात्रंदिवस ऊर्जा खर्चून तो राखते, आपण झोपलेलो असतानासुद्धा. याची दोन कारणं. पेशीत फॉस्फेट खच्चून भरलेलं असतं; कॅल्शियम वाढू दिलं तर दोघांचा साका बसेल. दुसरं कारण आपल्या विषयाचं. तळाशी जवळजवळ शून्य असेल तरच थोडीशी वाढही इशारा म्हणून ओळखू येते. आकुंचनाच्या वेळी ही पातळी १ ते १० मायक्रोमोलपर्यंत जाते. आकडा तसा किरकोळच, पण मूळच्या दहा ते शंभर पट.

पुणेकरांना खडकवासल्याच्या भाषेत पटकन कळतं. पाणी धरणात अडवलेलं, खाली मुठेचं पात्र जवळपास कोरडं; म्हणून विसर्ग सोडला की भिडे पुलावर लगेच कळतं. पात्र आधीच दुथडी भरलेलं असतं तर कोणाला काय समजलं असतं? ही उपमा इथवरच ताणा. मुठेत सोडलेलं पाणी कोणी पंपाने परत धरणात चढवत नाही. स्नायूत मात्र प्रत्येक आकुंचनानंतर नेमकं तेच करावं लागतं, आणि सगळा खर्च तिथेच दडलेला आहे.

मग हे कॅल्शियम बाहेरून येतं की आतून?

हातापायाच्या स्नायूंत आतून. हृदयात दोन्हीकडून.

पूर्वी वाटायचं, पडद्यातून काहीतरी आत झिरपत असेल आणि त्याने स्नायू आवळत असेल. ए. व्ही. हिल यांनी १९४०च्या दशकाच्या अखेरीस हिशेब मांडून दाखवला की कोणताही पदार्थ पृष्ठभागापासून तंतूच्या मध्यापर्यंत नुसता झिरपत जायला जेवढा वेळ घेईल, त्याच्या आत स्नायू आवळूनही झालेला असतो. म्हणजे संदेश आत नेणारी वेगळी वाट हवी. ती वाट म्हणजे टी-नलिका: पडद्याचेच आत वळलेले बारीक बोगदे. सस्तन प्राण्यांत प्रत्येक सार्कोमिअरला, म्हणजे तंतूच्या आवळणाऱ्या सगळ्यात लहान तुकड्याला, त्या दोन असतात. बोगद्याच्या दोन्ही अंगांना कोठाराचे फुगीर कप्पे टेकलेले असतात. या तिघांच्या जोडणीला ट्रायड म्हणतात. कोठाराचं अधिकृत नाव सार्कोप्लाझ्मिक रेटिक्युलम. मी पुढे कोठारच म्हणणार आहे.

कोठारात कॅल्सिक्वेस्ट्रिन हे प्रथिन कॅल्शियम धरून ठेवतं, एकेक रेणू चाळीसच्या वर आयन. त्यामुळे भरपूर साठा असूनही आतला मोकळा कॅल्शियम फार चढत नाही आणि पंपांना अजून भरायला वाव राहतो.

कोठाराचं दार कोण उघडतं?

टी-नलिकेच्या पडद्यात डायहायड्रोपिरिडिन रिसेप्टर असतो. नाव औषधावरून पडलंय, काम मात्र विजेचा दाब ओळखण्याचं. समोर, सुमारे १२ नॅनोमीटरच्या फटीपलीकडे, कोठाराच्या भिंतीत रायानोडिन रिसेप्टर असतो. तो प्रचंड आहे, चार तुकड्यांचा मिळून २० लाख डाल्टनहून मोठा. त्याचा पाय त्या फटीत उतरलेला इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली दिसतो.

विजेची लाट आली की पहिला रिसेप्टर आकार बदलतो आणि त्या हालचालीनेच दुसऱ्याचं दार उघडतं. दोघांमध्ये कोणतंही रसायन निरोप घेऊन जात नाही. जोडणी यांत्रिक आहे. म्हणूनच भोवतालच्या द्रवातलं कॅल्शियम काढून घेतलं तरी बेडकाच्या पोटरीचा स्नायू बराच काळ झटके देत राहतो.

रायानोडिन हे नाव दक्षिण अमेरिकेतल्या रायानिया या झुडपावरून आलं. त्याच्या खोडाची भुकटी कीटकनाशक म्हणून वापरायचे. ते विष याच दाराला घट्ट चिकटतं, म्हणून दार सापडलं आणि दाराला विषाचं नाव मिळालं. शरीरक्रियाशास्त्रात असं फार होतं. कुलपाची नावं चोरांवरून ठेवलेली.

ट्रोपोनिन आणि ट्रोपोमायोसिन यांत माझा नेहमी घोळ होतो.

सगळ्यांचाच होतो. ट्रोपोमायोसिन लांबट, ॲक्टिनच्या सात मण्यांवर आडवं पसरलेलं; झाकायचं काम त्याचं. ट्रोपोनिन तीन तुकड्यांचं: सी कॅल्शियम धरतो, आय अडवून ठेवतो, टी ट्रोपोमायोसिनला बांधून ठेवतो. कॅल्शियम सीला मिळालं की आयची पकड सुटते आणि ट्रोपोमायोसिन खाचेत सरकतं. कॅल्शियम ट्रोपोमायोसिनला चिकटत नाही, मायोसिनलाही नाही. उत्तरपत्रिकांत लाल शाई सगळ्यात जास्त इथेच खर्च होते.

ट्रोपोनिन शोधलं जपानच्या सेत्सुरो एबाशी यांनी, १९६५ मध्ये. त्याआधी काही वर्षं ते सांगत होते की आकुंचनाची कळ म्हणजे कॅल्शियम. एवढ्या गुंतागुंतीच्या यंत्राला एक साधा आयन चालवतो हे त्या काळच्या अनेक मोठ्या जीवरसायनतज्ज्ञांना पटत नव्हतं. शुद्ध ॲक्टिन आणि शुद्ध मायोसिन एकत्र केले तर त्यांना कॅल्शियम असल्या-नसल्याने काही फरक पडत नाही. मग कॅल्शियम काम कुठे करतं, हा आक्षेप रास्तच होता. मधला दुवा म्हणजे ट्रोपोनिन, आणि तो हातात आल्यावरच वाद मिटला.

मग ताकद कॅल्शियमची की एटीपीची?

ताकद एटीपीची, म्हणजे पेशी ऊर्जेसाठी फोडते त्या रेणूची. कॅल्शियम फक्त परवानगी देतं.

मायोसिनचं डोकं आधीच एटीपी फोडून, ऊर्जा घेऊन ताणलेलं असतं. जागा उघडी पडली की ते ॲक्टिनला पकडतं, फॉस्फेट सोडतं आणि काही नॅनोमीटर ओढतं. मग नवा एटीपी येऊन चिकटतो आणि पकड सुटते. हे नीट वाचा: एटीपी पकड सोडवण्यासाठी लागतो. कॅल्शियम हजर असेपर्यंत डोकी पकडतात, ओढतात, सुटतात, पुन्हा पकडतात. ॲक्टिन आणि मायोसिन स्वतः आखूड होत नाहीत, एकमेकांवरून सरकतात. हे १९५४ मध्ये दोन वेगवेगळ्या गटांनी मांडलं, अँड्र्यू हक्सली व रोल्फ नीडरगर्के यांनी, आणि ह्यू हक्सली व जीन हॅन्सन यांनी. दोन्ही हक्सलींचं एकमेकांशी नातं नाही, तोंडी परीक्षेत हे विचारतात.

मृत्यूनंतर शरीर ताठ होतं ते याच कारणाने. एटीपी संपतो, पंप थांबतात, कोठारातलं कॅल्शियम गळतं, डोकी पकडतात आणि सोडवायला एटीपी नसतो. काही तासांत ताठरपणा सुरू होतो, साधारण १२ तासांत पूर्ण होतो आणि पुढे प्रथिनं विघटित होऊ लागली की ओसरतो. एप्रिल-मेच्या उन्हाळ्यात हे सगळं लवकर होतं. सामान्य माणसाला वाटतं जीव गेला की शरीर सैल पडून राहावं. सैल राहायलाच तर ऊर्जा लागते.

सैल होण्यात एवढं काय विशेष? सोडून दिलं की झालं.

सोडून देण्याचा भाग नाहीच. कोठाराच्या भिंतीत सर्का नावाचे पंप दाटीवाटीने बसवलेले असतात. प्रत्येक पंप एक एटीपी खर्चून दोन कॅल्शियम आयन आत ओढतो. जोर लावून धरलेल्या स्नायूच्या एकूण ऊर्जाखर्चात या पंपांचा वाटा एक तृतीयांशापर्यंत जातो. ओझं न उचलता, नुसतं कॅल्शियम आवरायला एवढा खर्च.

जलद तंतूंत पंप जास्त, म्हणून ते लवकर सैल होतात. पोटरीतला सोलियस हा आपल्याला उभं ठेवणारा संथ स्नायू आहे. त्याच्या एका झटक्याला डोळ्याच्या स्नायूच्या झटक्यापेक्षा कितीतरी जास्त वेळ लागतो. दोघांतल्या फरकाचा मोठा भाग कॅल्शियम किती लवकर आवरलं जातं यात आहे.

हे कोणी प्रत्यक्ष पाहिलंय का, की सगळा अंदाज?

पाहिलंय. १९४७ मध्ये हाइलब्रुन आणि वियर्सिन्स्की यांनी बेडकाच्या स्नायुतंतूत बारीक सुईने वेगवेगळे क्षार टोचले. कॅल्शियमने तंतू आवळला. सोडियम, पोटॅशियम, मॅग्नेशियमने नाही. मग १९६७ मध्ये रिजवे आणि ॲश्ले यांनी बार्नॅकल या समुद्री जीवाचा जाडजूड स्नायुतंतू घेतला आणि त्यात एक्वोरिन भरलं. हे जेलीफिशमधलं प्रथिन कॅल्शियम भेटलं की निळसर उजेड देतं. तंतूला विजेचा झटका दिला. आधी उजेड चमकला, मग ओढ वाढली, आणि ओढ टिपेला पोहोचेपर्यंत उजेड मावळायला लागला होता. निरोप आधी, काम नंतर.

आमच्या पिढीने हे एवढ्या जवळून पाहिलं नाही, पण कायमोग्राफ पाहिला. काजळी धरलेला कागद ड्रमवर, बेडकाची पोटरी रिंगरच्या द्रावणात, आणि झटक्यागणिक काळ्यावर उठणारी पांढरी टेकडी. कागद लाखेच्या द्रावणात बुडवून वाळवायचा आणि जर्नलात चिकटवायचा. एप्रनच्या बाह्या काळ्या व्हायच्या. आता मुलं ती टेकडी संगणकावर पाहतात. बेडकांच्या दृष्टीने उत्तमच. पण एक गोष्ट पडद्यावर जाणवत नाही: थकत चाललेल्या स्नायूत टेकडी बुटकी होत जाते आणि उतार लांबत जातो. उतार म्हणजे कॅल्शियम परत भरण्याचा वेळ.

रिंगरचं द्रावण म्हणजे सलाइनच्या बाटलीवर लिहिलेलं तेच का?

त्याचंच पुढचं रूप. सिडनी रिंगर लंडनमध्ये बेडकाचं हृदय मिठाच्या पाण्यात धडधडत ठेवण्याचे प्रयोग करत होते. प्रयोग छान जमायचे. मग कळलं की द्रावण नळाच्या पाण्यात बनवलं होतं. शुद्ध, ऊर्ध्वपातित पाणी घेतल्यावर हृदय हळूहळू थांबलं. नळाच्या पाण्यात होतं आणि शुद्ध पाण्यात नव्हतं ते कॅल्शियम. हे १८८३ मध्ये छापून आलं. लंडनचं पाणी जड म्हणून जमलं. आपल्याकडे बोअरच्या पाण्याने बादलीला आणि गिझरला पांढरा थर धरतो, त्यात मुख्य वाटा कॅल्शियमच्या क्षारांचाच.

हृदयात हे वेगळं कसं होतं?

हृदयाच्या पेशीत टी-नलिकेतली दारं खरोखर उघडतात आणि बाहेरचं थोडं कॅल्शियम आत येतं. तेच कॅल्शियम कोठाराच्या दारांना उघडायला लावतं. कॅल्शियमने कॅल्शियम सुटतं. माणसाच्या हृदयात एका ठोक्याला लागणाऱ्या कॅल्शियमपैकी सुमारे ७० टक्के कोठारातून येतं, उरलेलं बाहेरून. बाहेरचं तुटलं की ठोकाच तुटतो. रिंगरांनी पाहिलं ते हेच.

बाबा रक्तदाबासाठी ॲम्लोडिपिन घेतात. ते कॅल्शियमची वाट अडवतं म्हणे. हातपाय लुळे पडणार नाहीत ना?

नाही. त्या गोळीचा मुख्य परिणाम रक्तवाहिन्यांच्या भिंतीतल्या अरेखित स्नायूंवर होतो. ते बाहेरच्या कॅल्शियमवर बरेच अवलंबून असतात, शिवाय त्यांच्यात ट्रोपोनिन नसतं. तिथे कॅल्शियम कॅलमोड्युलिन या दुसऱ्या प्रथिनाला धरून वेगळ्या वाटेने काम करतं. हातापायाच्या स्नायूंना झटक्यासाठी बाहेरचं कॅल्शियम लागत नाही, हे वर आलंच आहे. या गोळीने घोट्याला सूज येऊ शकते. ती आली तर डॉक्टरांना सांगा, गोळी मनाने बंद करू नका.

छातीत दुखलं की ट्रोपोनिनची तपासणी करतात. तेच ट्रोपोनिन का?

तेच. हृदयाच्या पेशी मरू लागल्या की त्यांच्यातलं ट्रोपोनिन रक्तात गळतं. तपासणी आय किंवा टी या तुकड्यांची होते, कारण हृदयातले हे दोन तुकडे हातापायाच्या स्नायूंतल्यांपेक्षा वेगळे ओळखता येतात. सी मात्र हृदयात आणि संथ स्नायूंत एकच असतो. रक्तात सापडला तरी कुठून आला सांगता यायचं नाही. दुखायला लागल्याबरोबर घेतलेली पहिली चाचणी कोरी येऊ शकते, म्हणून काही तासांनी पुन्हा रक्त घेतात. त्यावर कृपया लॅबवाल्याशी भांडू नका.

कण्हेर विषारी का? आमच्या सोसायटीत आणि रस्त्याच्या दुभाजकावर तर सगळीकडे लावलीय.

कण्हेर आणि पिवळी बिट्टी, दोन्हींत हृदयावर काम करणारी ग्लायकोसाइड्स असतात. ती पेशीतल्या सोडियम-पोटॅशियम पंपाला बंद पाडतात. पेशीत सोडियम साचतं, त्यामुळे सोडियमच्या बदल्यात कॅल्शियम बाहेर टाकण्याची सोय मंदावते, कोठार गरजेपेक्षा जास्त भरतं. सुरुवातीला ठोका जोरदार पडतो, मग ताल बिघडतो आणि माणूस दगावू शकतो. डिजॉक्सिन हे औषध याच कुळातलं. त्याचं मूळ असलेल्या फॉक्सग्लोव्ह या झाडाचा औषधी उपयोग विल्यम विदरिंग यांनी १७८५ मध्ये लिहून ठेवला. औषधाची आणि विषाची मात्रा यांत अंतर फार थोडं. बिट्टीची बी मुलं खेळायला घेतात. पोटात गेल्याची नुसती शंका आली तरी थेट मोठं हॉस्पिटल गाठा, घरगुती उपाय करत बसू नका.

सिंहगड चढताना काही झालं नाही, दोन दिवसांनी मांड्या धरल्या. लॅक्टिक ॲसिड का?

नाही. लॅक्टिक ॲसिड तासाभरात ओसरतं, त्याला दोन दिवसांनी कशाला पकडता?

दोष उतरण्याचा आहे. आतकरवाडीकडे उतरताना मांडीचा पुढचा स्नायू आवळलेला असतानाच ताणला जातो, प्रत्येक पावलाला. काही सार्कोमिअर जास्त ओढले जाऊन विसकटतात, पडद्यांना बारीक इजा होते, नको तिथे कॅल्शियम झिरपतं आणि कॅल्पेनसारखी प्रथिनं कापणारी विकरं जागी होतात. मग सूज आणि दुखणं, साधारण एक ते तीन दिवस. आंबलेल्या मांड्यांवर उपाय म्हणजे हलकं चालणं, आणि एक-दोन आठवड्यांत पुन्हा गड. पुढच्या वेळी तोच उतार कमी दुखवतो. चढताना दमतो ते वेगळं. तेव्हा एटीपी फुटून साचलेलं फॉस्फेट कोठारात शिरून कॅल्शियमशी साका धरतं, सुटणारं कॅल्शियम कमी होतं आणि पाय उचलेनासा होतो.

रात्री पोटरीत गोळा येतो. कॅल्शियमच्या गोळ्या घेऊ का?

माझ्या उत्तरावर काकू नाराज होतात, पण नको. तपासणीत कमतरता आढळली तर गोष्ट निराळी. साध्या पेटक्याचं मूळ बहुतेक वेळा चेतातंतूंच्या अतिउत्साहात असतं. ते नको असताना संदेश पाठवत राहतात आणि स्नायू इमानेइतबारे आवळत राहतो. उठून पाऊल स्वतःकडे ओढा, पोटरी ताणा, सुटेल. वयस्कर माणसांच्या रात्रीच्या पेटक्यांवर मॅग्नेशियमच्या गोळ्यांचाही चाचण्यांत फारसा उपयोग दिसलेला नाही. शरीरातलं ९९ टक्के कॅल्शियम हाडांत असतं आणि रक्तातलं कमी पडलं की हाडांतून काढून भरलं जातं; जेवणातल्या एका वाटी दह्याने पोटरीतल्या कोठाराची पातळी बदलत नाही.

ड जीवनसत्त्वाची कमतरता मात्र गंभीरपणे घ्या. तिच्यात मांड्या-खांद्यांचे स्नायू खरोखर दुबळे होतात, जमिनीवरून उठताना हात टेकावा लागतो.

रक्तात कॅल्शियम कमी झालं तर स्नायू सैल पडायला हवेत. हात उलटे आखडतात ते का?

हा प्रश्न ज्या मुलाने विचारला त्याला मी शंभरपैकी शंभर दिले असते. उत्तर स्नायूत नाही, चेतातंतूत आहे. बाहेरचं कॅल्शियम चेतापेशीच्या पडद्याला आवरून धरतं, सोडियमच्या दारांना सहज उघडू देत नाही. ते कमी झालं की दारं किरकोळ कारणाने उघडतात, चेतातंतू आपणहून संदेश सोडू लागतात. स्नायूच्या कोठारातला साठा शाबूत असतो, त्यामुळे तो हुकूम पाळतो.

थायरॉइडच्या शस्त्रक्रियेत शेजारच्या, रक्तातलं कॅल्शियम राखणाऱ्या पॅराथायरॉइड ग्रंथींना धक्का लागला तर हे दिसतं. आधी ओठांभोवती आणि बोटांत मुंग्या. मग रक्तदाबाचा पट्टा वरच्या दाबापेक्षा थोडा जास्त फुगवून तीन मिनिटं ठेवला की मनगट आत वाकतं, अंगठा तळव्यात शिरतो, बोटं सरळ राहून टोकं जुळतात. याला ट्रूसोचं चिन्ह म्हणतात.

रक्तातलं एकूण कॅल्शियम ठीक असूनही असं होऊ शकतं. व्हायवाच्या आधी घाबरून एखादी मुलगी भराभर श्वास घेते, कार्बन डायऑक्साइड उडून जातो, रक्त अल्कधर्मी होतं आणि मोकळं कॅल्शियम प्रथिनांना जाऊन चिकटतं. बोटं आखडतात, ती अजून घाबरते, श्वास अजून वाढतो. शेजारी बसून श्वास सावकाश करायला लावला की सुटतं. तोंडावर पिशवी धरू नका. दम खरोखरच्या आजाराने लागला असेल तर ते धोक्याचं.

दिवसाला आठ अमृततुल्य होतात. कॅफिनने कॅल्शियम सुटतं असं वाचलं.

प्रयोगशाळेत सुटतं. स्नायुतंतू कॅफिनच्या मिलिमोलच्या द्रावणात बुडवला की रायानोडिनची दारं उघडतात. चहा प्यायल्यावर रक्तात कॅफिन त्याच्या शंभराव्या भागाहूनही कमी असतं. तरतरी येते ती मेंदूतल्या ॲडेनोसिनच्या जागा अडवल्याने. आठ कपांतली साखर मोजा, त्याबद्दल बोलायला मी तयार आहे.

ताशाची तर्री वाजवताना मनगट एवढं भराभर कसं चालतं?

एका संदेशाला एक झटका मिळतो. पहिलं कॅल्शियम आवरायच्या आत दुसरा संदेश आला की दुसरा झटका पहिल्यावर चढतो, ओढ वाढते. सेकंदाला तीस-चाळीस संदेश आले की बहुतेक स्नायूंत झटके वेगळे दिसतच नाहीत, सलग ओढ लागते. ढोल कमरेला पेलून धरताना पाठीत हेच चाललेलं असतं. तर्रीत उलटं हवं: आवळ, सोड, आवळ, सोड. म्हणून नवशिक्या हात घट्ट धरतो आणि अडकतो; जुना वादक दोन काड्या आलटून-पालटून चालवतो आणि काडीची उसळी फुकटात वापरतो. निव्वळ स्नायूच्या वेगावर तर्री निघत नाही.

मग डास सेकंदाला शेकडो वेळा पंख कसा हलवतो?

प्रत्येक फडफडीला कॅल्शियम सोडून-आवरून नाही. तेवढ्या वेगाने कोणताच पंप पुरा पडायचा नाही. डासाच्या उडण्याच्या स्नायूत कॅल्शियम मध्यम पातळीवर टिकून राहतं. एक स्नायू आवळला की समोरचा ताणला जातो आणि ताणानेच तो आवळतो. एका संदेशात कितीतरी फडफडी निघतात. कोठार-पंपाच्या वाटेनेच मोठा वेग गाठणाऱ्यांत टोडफिश हा मासा प्रसिद्ध आहे; हवेची पिशवी थरथरवून आवाज काढणारे त्याचे स्नायू सेकंदाला सुमारे दोनशे वेळा चालतात.

थंडीत कुडकुडणं आणि कॅल्शियम यांचा संबंध आहे?

आहे. कुडकुडणं म्हणजे कामाविना आकुंचन, उष्णता हाच फायदा. शिवाय सार्कोलिपिन नावाचं छोटं प्रथिन सर्का पंपाला असं बिघडवतं की एटीपी फुटतो पण कॅल्शियम आत जात नाही, नुसती ऊब मिळते. उंदरांत हे पक्कं दिसलंय.

भूल दिल्यावर अंग तापून माणूस गेला, असं ऐकलं. त्यात कॅल्शियमचा हात असतो?

क्वचित असतो. १९६० मध्ये मेलबर्नला पाय मोडलेला एक तरुण आला. त्याला पायापेक्षा भुलेची भीती जास्त, कारण त्याचे दहा नातलग ईथरच्या भुलेनंतर दगावले होते. डेनबरो आणि लॉव्हेल यांनी ती हकीकत छापली आणि मॅलिग्नंट हायपरथर्मियाचा अभ्यास सुरू झाला. बऱ्याच घराण्यांत दोष रायानोडिन रिसेप्टरच्या जनुकात सापडतो. हॅलोथेनसारखे वायू किंवा सक्सिनिलकोलीन मिळालं की कोठाराची दारं उघडीच राहतात. कॅल्शियम वाहत राहतं, स्नायू ताठ होतात, पंप जिवाच्या आकांताने एटीपी जाळतात, कार्बन डायऑक्साइड आणि तापमान चढत जातं. डँट्रोलिन हे औषध त्या दारांवरच काम करतं. ते येण्याआधी ७० टक्क्यांहून जास्त रुग्ण जात, आता वेळेत मिळालं तर हे प्रमाण १० टक्क्यांच्या खाली आहे. घरात कोणाला भुलेच्या वेळी असं काही झालं असेल तर शस्त्रक्रियेआधी भूलतज्ज्ञाला आवर्जून सांगा. ते विचारतील याची वाट पाहू नका.

अकरावीला आणि नीटला किती लिहायचं?

क्रम चुकवू नका, एवढंच: संदेश, ॲसिटिलकोलीन, पडद्यावरची लाट, टी-नलिका, कॅल्शियम, ट्रोपोनिन, ट्रोपोमायोसिन, क्रॉस ब्रिज (मायोसिनच्या डोक्याची ॲक्टिनवरची पकड), मग पंप. आकृतीत ए-पट्टा तेवढाच ठेवा. आय-पट्टा आणि एच-क्षेत्र आखूड होतात. आणि सैल होण्याची पायरी लिहा. निम्मी मुलं स्नायू आवळून उत्तर संपवतात आणि एक गुण घालवतात.